उपऱ्याची वंशावळ

आडनाव ही मोठी विलक्षण मिळकत आहे. ती आपण कमावलेली नसते, ती विकता येत नाही, आणि तरीही तिच्या बऱ्यावाईटाचे ओझे माणूस जन्मभर वाहतो. माझा पेशा शिक्षकाचा. हजेरी घेताना रोज चाळीस-पन्नास आडनावे माझ्या तोंडून जातात. एखादे उच्चारले की कुणी ताठ होतो, एखादे उच्चारले की कुणी खाली पाहतो. तो ताठा आणि ती खालची मान, दोन्ही त्या पोरांनी मिळवलेली नाहीत. मग ती आली कोठून? हा प्रश्न आपल्या अंगणात सोडवायला बसावे तर जातीचा धुरळा उडतो आणि काहीच दिसेनासे होते. म्हणून मी तो जरा दूर, चेक लोकांच्या मुलखात नेऊन पाहतो.

बोहेमिया व मोराव्हियातील शेतकऱ्यांची वेठ १८४८ साली संपली. १८६७ नंतर ऑस्ट्रियन साम्राज्याबाहेर जाण्याची मोकळीक मिळाली, आणि हजारो चेक कुटुंबे ब्रेमेन, हांबुर्ग या बंदरांतून अमेरिकेला निघाली. शिकागोत त्यांनी आपल्या प्ल्झेन शहराच्या नावाने पिल्सेन ही वस्ती उभी केली; आयोवा, नेब्रास्का, टेक्सस येथे जमिनी कसल्या. समजा, अशाच एका घराण्याचा पणतू आज आपले मूळ शोधायला निघाला आहे आणि त्याचे आडनाव आहे नोव्हाक.

अशा घरांतून बहुधा एक कथा ऐकू येते: एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचे नाव बिघडवले. वस्तुत: तेथील अधिकारी नाव नव्याने लिहून घेतच नसत, जहाज निघताना तयार झालेली उतारूंची यादी ते पडताळून पाहत. नाव बदलले ते बहुधा माणसांनी आपणहून. कुणा चेर्नीने त्याचा अर्थ लावून ‘ब्लॅक’ केले. नोव्हाकची बायको मायदेशी नोव्हाकोव्हा होती, ती परदेशात नुसती नोव्हाक झाली. नव्या देशात पोट भरायचे होते, शेजाऱ्याच्या जिभेला सोपे व्हायचे होते. पण नातवंडांना ‘आम्ही बदललो’ म्हणण्यापेक्षा ‘आम्हांला बदलले’ म्हणणे सोयीचे वाटते. पूर्वजांचा शोध घेताना पहिली परीक्षा होते ती आपल्या अशा सोयीची.

पुढची वाट चर्चच्या चोपड्यांतून जाते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. १७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने या चोपड्यांना सरकारी दप्तराचे स्वरूप दिले. कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी चेक अशा भाषांतील ही पाने आता तेथील अभिलेखागारांनी घरबसल्या पाहण्यास खुली केली आहेत. मात्र मागे जावे तसे आडनावच पातळ होत जाते. कोणी लग्न करून सासऱ्याच्या वाडीवर राहायला गेला की गाव त्याला त्या वाडीच्या नावाने ओळखू लागे. नोंदीत मग एक नाव, पुढे ‘ऊर्फ’ आणि दुसरे नाव! जोसेफने १७८६ मध्ये आडनाव वंशपरंपरा एकच राहावे असा हुकूम काढला, तेव्हा कोठे ही ये-जा थांबली. म्हणजे ज्याला आपण रक्ताची खूण समजतो ती पुष्कळदा घराच्या उंबरठ्याची खूण असते. आणि ती कायम झाली ती सरकारच्या सोयीसाठी.

आणि अर्थ? नोव्हाक म्हणजे गावात नवा आलेला. जुन्या मराठी दप्तरात मिरासदाराच्या समोर ‘उपरी’ असे, तोच हा. नवल असे, की चेक देशातले हे सर्वांत परिचित आडनाव आहे. पिढ्यान् पिढ्या मुरलेला देशच स्वत:ला उपरा म्हणवतो! नाव्रातिल म्हणजे ‘परतला’, पोस्पिशिल म्हणजे ‘घाई केली’. कुणाच्या एका दिवसाच्या चालीवर गावाने मारलेला शेरा वंशाच्या कपाळी बसला. यात अभिमान कशाचा आणि शरम कशाची?

येथवर ही गोष्ट हसण्यासारखी आहे. पुढे ती तशी राहत नाही. याच जोसेफने १७८७ मध्ये ज्यूंना कायमची जर्मन आडनावे घ्यावयास लावली. याच्याच काळात एक किल्ला बांधला गेला. आई मारिया तेरेझाच्या नावावरून तो तेरेझिन म्हणवला. जून १९३९ मध्ये नाझी राज्यकर्त्यांनी बोहेमिया-मोराव्हियात न्यूरेंबर्गच्या व्याख्या लागू केल्या: आजोबा-आजी कोणत्या धर्मसमाजाचे, यावरून माणूस कोण ते ठरणार. जन्माचे, लग्नाचे दाखले शोधण्यासाठी लोक त्याच चोपड्यांकडे धावले. १९४१ मध्ये त्याच तेरेझिनात ज्यूंना कोंडण्यात आले आणि तेथून गाड्या पूर्वेकडच्या मृत्यूछावण्यांकडे गेल्या. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर आज सुमारे ७८ हजार बळींची नावे लिहिलेली आहेत. सम्राटाच्या कचेरीने लादलेली आडनावेही त्यांत आहेत, आणि आता ती पुसणे म्हणजे त्या माणसांना दुसऱ्यांदा मारणे होईल.

मला वाटते, सगळा नैतिक प्रश्न येथे एकवटतो. ‘मी कोणाचा?’ हे माणसाने स्वत:ला विचारावे. ती जिज्ञासा आहे, किंबहुना कृतज्ञता आहे. पण ‘तू कोणाचा?’ असे दुसऱ्याला त्याची जागा ठरवण्यासाठी विचारले, की तीच चोपडी हत्यार होते. प्रश्न कोण विचारतो, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचे काय करतो, याने पुण्यपाप ठरते.

कोणी म्हणेल, मग हे शोध बंदच करावेत. मला ते पटत नाही. दप्तर जाळल्याने अन्याय मिटत नाही, फक्त त्याचा पुरावा मिटतो. शोध घ्यावा, पण सगळ्यांचा घ्यावा. वाडीच्या मालकाचा अभिमान घ्यायचा असेल तर त्याच पानावरच्या, बापाच्या नावाची जागा कोरी राहिलेल्या पोरालाही आपला म्हणावे लागेल. पूर्वज निवडून घेता येत नाहीत.

आज चेक देशात व्हिएतनामहून आलेल्यांचे न्ग्वेन हे आडनाव चांगलेच रुळले आहे. त्या नव्या शेजाऱ्याकडे कपाळाला आठी घालून पाहणाऱ्या कुणा नोव्हाकने आपल्या दारावरची पाटी एकवार अर्थासह वाचावी. वंशावळीतून याहून मोठे काही हाती लागत असेल असे मला वाटत नाही.