खळगा

रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. सच्छिद्र दगड, त्याला चकाकी येत नाही. खालच्या मोझॅकला येते, पण वर काही लावून नव्हे; आधी जाड, मग बारीक दगडाने थर घासून काढत. चकाकी म्हणजे वजाबाकीच.

स्वयंपाकघरात आजीच्या पाट्याखाली लादी झिजून उथळ खळगा पडलाय. पॉलिशवाला म्हणाला, "अजून दोन हात मारले की जाईल. काढू?"

"राहू दे, आजीची आठवण आहे."

आई आतून म्हणाली, "मिक्सर मागत होती ती. पाट्यावरच्या वाटपाची चव येत नाही म्हणून कुणी आणू दिला नाही."

ती चव मीही मिटक्या मारत खाल्लीय. मग मी जपतोय कुणाला? आणि घासून टाकला, तर पुरावाही जाईल.

पॉलिशवाला मशीन बंद करून थांबला होता.