घोड्याची सेवा आणि नगराचा कर

दयेवर कर असावा काय? शासकीय सेवेत असताना हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. कलम पाहिले की काम भागत असे. आता तो छळतो.

लोधीखेड्यासारख्या आमच्या नगर परिषदांना मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ लागू आहे. त्यातील कलम १२७-क मध्ये मालमत्ता करातून (कागदोपत्री त्याला ‘संपत्तिकर’ म्हणतात) वगळलेल्या वास्तू दिल्या आहेत. देवळे, मशिदी, धर्मशाळा, दवाखाने, अनाथालये, पाणपोया. आणि त्यांच्याच पंक्तीला आजारी जनावरांची शुश्रूषागृहे. पोळ्याला बैलापुढे नैवेद्य ठेवणाऱ्या आपल्या मुलखात हे नवल नव्हे. परंतु जेथे जनावरच माणसाची शुश्रूषा करते, तेथे काय?

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालील पाय पोलिओने लुळे पडले होते. तरीही १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळविले. पुढे अपंग मुलांना घोड्यावर बसवून उपचार करणाऱ्या संस्था पाश्चात्त्य देशांत वाढल्या. चालत्या घोड्याच्या पाठीवर कंबरेला जे हेलकावे बसतात, ते माणसाच्या चालण्याशी मिळतेजुळते असतात. या कामाला मोकळी जागा लागते, आणि कर बसतो तो जागेवरच.

माफी द्यावी, असे मन म्हणते. पण दिवाबत्तीचा खर्च काही माफ होत नाही. तो शेजारच्या किराणा दुकानदाराकडे सरकतो. दिल्लीच्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली चिल्ड्रन बुक ट्रस्टच्या प्रकरणात ऐच्छिक देणग्यांचा आधार आवश्यक मानला. केवळ धर्मादाय म्हणवून भागत नाही.

आमच्या नोकरीत एका गावी (नाव कशाला?) धर्मशाळेच्या दर्शनी भागात चार दुकाने भाड्याने दिलेली होती. भाडे कोठे जाते, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला होता. विचारले नाही. माफीच्या कागदावर आमचीही सही आहे.

म्हणून अश्वोपचाराला माफी मिळावी, असे आम्ही म्हणतो ते बिचकतच. तोच घोडा लग्नसराईत वरातीला गेला तरी आमची हरकत नाही. मिळकत मुलांच्या उपचाराला आणि घोड्याच्या चाऱ्याला लागावी. मात्र हिशेब दरवर्षी परिषदेच्या फलकावर लावावा, आणि फी न देता किती मुले घोड्यावर बसली, हा आकडा त्यात सर्वांत वर असावा.