देवाला वाहिलेले फूल कुठून आले?

बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांतून, जयनगर-बसवनगुडीच्या झाडांनी भरलेल्या गल्ल्यांतून सकाळी सहाच्या आधी फेरी मारली, तर फिरायला निघालेली बरीच मंडळी दिसतात. त्यातल्या काहींच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. एखाद्याजवळ आकडा बांधलेली काठीही असते. कंपाऊंडवरून बाहेर झुकलेली जास्वंद दिसली की पाऊल मंदावते. इकडेतिकडे एक नजर, आणि फुले पिशवीत. पुण्यात, ठाण्यात, नागपुरातही हेच चालते.

विचारले तर उत्तर तयार असते, "देवासाठीच तर नेतो!"

ज्या गणपतीला तुम्ही विघ्नहर्ता म्हणता, त्याच्यासाठी दुसऱ्याच्या सकाळी तुम्ही विघ्न होऊन जाता. हे त्याला आवडेल का? गीतेत भगवान म्हणतात की पान, फूल, फळ, पाणी, जे काही भक्तीने द्याल ते मी घेतो. तिथे फुलाचा रंग सांगितलेला नाही, संख्या सांगितलेली नाही. पण देणारा शुद्ध मनाचा असावा, हे मात्र सांगितले आहे. आणि जे दुसऱ्याचे आहे, ते तुम्ही देणार कसे? ते तर तुम्ही फक्त इकडून तिकडे नेले.

आता ज्याच्या दारात झाड आहे, त्याच्याकडेही पाहू. एका सत्संगात एका ताईंनी विचारले, "मी वर्षभर झाड वाढवते, आणि रोज फुले कोणीतरी नेते. पाटी लावली, तरी नेतात. इतका राग येतो की पूजेला बसले तरी तेच डोक्यात असते. काय करू?"

पाहा, फूल त्याने नेले, पण सकाळ तुम्ही स्वतःच घालवली. फूल संध्याकाळी मिटणारच होते. जास्वंदीचे साधे लाल फूल सकाळी उमलते आणि बहुधा त्याच दिवशी मिटते. एक दिवसाचे फूल गेले म्हणून तुम्ही वर्षभराचा राग सांभाळून ठेवता? झाड तर तुमच्याच दारात आहे. त्याने उद्याची कळी केव्हाच तयार ठेवली आहे.

तरीही ताईंचा प्रश्न खोटा नाही. "सोडून द्या" म्हणणे सोपे आहे, आणि असे म्हणणारा बहुधा स्वतः झाड लावलेला नसतो. म्हणून त्यावर एक उपाय आहे, आणि तो जास्वंदीतच आहे.

घरोघरी दिसणारी जास्वंद सहसा बियांपासून वाढवत नाहीत. ती फांदी लावून वाढते. म्हणजे तुमच्या दारातली जास्वंद कुणाच्या तरी झाडाची फांदी होती. ते झाडही कुणाच्या तरी झाडाची फांदी होते. माहेरून आणलेली, शेजारणीने दिलेली, नर्सरीवाल्याने कुठल्यातरी जुन्या झाडावरून घेतलेली. मागे मागे जात राहिलात तर 'माझे झाड' नेमके कुठे सुरू होते, ते सापडतच नाही. कन्नडमध्ये हिला 'दासवाळ' म्हणतात. भाषा बदलली, अंगण बदलले, तरी वाटली जात असताना तीच फांदी पुढे गेली.

म्हणून जो रोज फूल नेतो, त्याला एक दिवस हाक मारा आणि फांदी द्या. रागावून नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे. "काका, तुम्हाला रोज फुले लागतात ना, ही लावा," एवढेच म्हणा. आणि तुम्ही स्वतः फुले नेणारे असाल, तर उद्या बेल वाजवा आणि फुलाऐवजी फांदी मागा. मागायला थोडा संकोच वाटेल. अंधारात तोडताना वाटत नाही, उजेडात मागताना वाटतो! त्या संकोचात अहंकार थोडा झिजतो, ते चांगलेच आहे.

फांदी लावली की खरी पूजा सुरू होते. तोडायला एक क्षण पुरतो, वाढवायला रोज यावे लागते. जास्वंदीला दिवसातले निदान पाच-सहा तास ऊन हवे. बाल्कनीत ऊन येत नसेल तर पाने भरपूर येतील, फुले येणार नाहीत. कुंडीच्या तळाला भोक हवे, पाणी साचले की मुळे कुजतात. माती कोरडी पडू दिली आणि मग एकदम भरभरून पाणी घातले, तर कळ्या गळतात. माणसाच्या मनाचेही असेच नाही का? आठ दिवस साधनेला सुट्टी आणि नवव्या दिवशी तीन तास बसणे. मग तक्रार करता की कळी टिकत नाही.

पाने चिकट झाली, शेंड्याला कापसासारखे पांढरे काही दिसले, तर तो पिठ्या ढेकूण आहे. बरेच लोक झाडावरच्या मुंग्यांना मारत सुटतात. मुंग्या येतात ते त्या किडीतून झरणाऱ्या गोड रसासाठी, आणि त्या बदल्यात त्या किडीची राखण करतात. मूळ दुखणे वेगळे आणि आपण लढतो भलत्याशीच. पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवा, मग ऊन उतरल्यावर थोडा साबण मिसळलेल्या पाण्यात निंबोळी तेल घालून फवारा. आठवड्याने पुन्हा करा. एकदा करून भागत नाही.

छाटणीला लोक घाबरतात. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येते, जुन्या लाकडावर नाही. बेंगळुरूत थंडी सरत आली की, महाशिवरात्रीच्या सुमारास, वाढलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी करा. काही आठवडे झाड बोडके दिसेल, देवाला फूल मिळणार नाही. त्या दिवसांत दूर्वा वाहा, नुसते पाणी वाहा. फूल मिळावे म्हणून फूल न मिळण्याचे दिवसही झाडाला द्यावे लागतात.

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याची टंचाई इतकी वाढली की पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यावर बंदी आणली. दंड होता ५,००० रुपये. अशा वेळी भक्ताने काय करावे? पिण्याचे पाणी चोरून झाडाला घालून ते फूल गणपतीला वाहायचे, तर पुन्हा तेच झाले. तांदूळ धुतलेले पाणी आहे, भाजी धुतलेले पाणी आहे. कुंडीत वाळक्या पानांचा थर पसरला तर ओल जास्त टिकते. जे पाणी आपण बघतही नव्हतो, ते टंचाईने बघायला शिकवले. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता महाराज पंढरपूर जवळ असूनही मळ्यातच राहिले आणि त्यांना विठ्ठल मळ्यातच भेटला, असे वारकरी परंपरा सांगते. मळ्यात राहणे म्हणजे हेच असावे, पाणी कुठून येते आणि कुठे जाते याकडे लक्ष असणे.

ज्यांची मुले परदेशात थंड प्रदेशात आहेत, ते विचारतात की तिथे जास्वंद जगतच नाही, मग गणपतीला काय वाहायचे? हिमाच्या कडाक्यात आपली जास्वंद बाहेर टिकत नाही हे खरे. पण तिचीच एक काटक बहीण तिथे अंगणात जगते. इंग्रजीत तिला 'रोझ ऑफ शेरॉन' म्हणतात, शास्त्रीय नाव 'हिबिस्कस सिरियाकस'. पांढरी, गुलाबी, जांभळट फुले, बऱ्याच जातींत मध्यभागी गडद लाल ठिपका. हीसुद्धा नव्या फुटीवरच फुलते, म्हणून तिची छाटणी हिवाळा संपता संपता करतात. ऐन उन्हाळ्यापासून शरद ऋतूच्या तोंडापर्यंत फुलत राहते, म्हणजे गणेशोत्सवाला हजर! दक्षिण कोरियाचे ते राष्ट्रीय फूल आहे. तिथल्या नावाचा अर्थ, न संपणारे फूल. गंमत पाहा, एकेक फूल जेमतेम एक दिवसाचे, आणि नाव न संपणारे.

या झाडाची एकच अडचण आहे. हिवाळ्यात ते पूर्ण निष्पर्ण होते, आणि वसंतात शेजारची सगळी झाडे हिरवी झाली तरी हे तसेच काटक्यांसारखे उभे राहते. नवे लोक ते मेले समजून उपटून टाकतात. तसे करू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवे दिसले, तर त्याला त्याच्या वेळेची वाट पाहू द्या. घरातल्या एखाद्या मुलाबद्दल, सुनेबद्दल, सासऱ्यांबद्दल 'यांच्यात आता काही राहिले नाही' असे तुम्ही ठरवून टाकले असेल, तर तिथेही आधी थोडे खरवडून पाहा. नख मात्र हळू लावा.

कुणीतरी विचारेल, मग झाडावरची सगळी फुले देवाला वाहायची का? दोन-चार झाडावर राहू द्या. सूर्यपक्षी येतो, फुलाच्या देठाशी चोच घालून मध पितो. तोही नैवेद्यच आहे. ज्यांना सकाळी घाई असते त्यांनी आदल्या संध्याकाळी टपोरी कळी काढून ठेवली तरी चालते, सकाळी ती ताटलीत उमललेली असते. बाजारात जास्वंदीच्या कळ्याच विकतात, ते यामुळेच.

फांदी द्यायची वेळ आली, की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी निवडा. डोळ्याच्या जरा खाली तिरका काप द्या, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढा. पावसाळ्याची सुरुवात सगळ्यांत चांगली. सावलीत, ओलसर मातीत ती महिना-दीड महिन्यात मुळे धरते. देताना दोन द्या, एखादी लागत नाही.