खरे आकडे, खोटी बातमी

प्रत्येक आकडा खरा असूनही बातमी खोटी असू शकते का? मे 2024 मध्ये हा प्रश्न आपल्या दारात आला. पुण्यात आणि इकडे वाघोलीत 13 मे रोजी मतदान होते. त्याच्या चार-पाच दिवस आधी पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा 167 देशांतील अल्पसंख्याकांविषयीचा अभ्यास गाजू लागला. 1950 ते 2015 या काळात भारताच्या लोकसंख्येतील हिंदूंचा वाटा 84.68 टक्क्यांवरून 78.06 वर आला, मुस्लिमांचा 9.84 वरून 14.09 वर गेला, असे त्यात होते. वाहिन्यांवर झळकले ते वेगळेच: हिंदू 7.8 टक्क्यांनी घटले, मुस्लिम 43 टक्क्यांनी वाढले. हे टक्के वाट्यातील बदलाचे होते. ‘वाटा’ हा शब्द तेवढा गळला.

वाघोलीकरांना हा फरक समजावून सांगायची गरज नसावी. नगर रस्त्याला सोसायट्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, 2021 मध्ये गाव महापालिकेत गेले. गावठाणातील जुन्या कुटुंबांचा वाटा आज किती उरला असेल? म्हणून ती कुटुंबे नाहीशी झाली असे कोणी म्हणत नाही. देशात 1951 साली हिंदू तीस कोटींच्या आसपास होते. 2011 साली 96 कोटींहून अधिक.

हे प्रथमच घडले असेही नाही. 2004 मध्ये जनगणनेचे धर्मवार आकडे आले आणि मुस्लिमांची दशकातील वाढ 36 टक्के, अशी बातमी झाली. 1981 साली आसामात आणि 1991 साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. ती राज्ये बाजूला ठेवली तेव्हा दर 29 टक्क्यांच्या घरात आला, म्हणजे आधीच्या दशकापेक्षा कमी.

हदीसच्या अभ्यासकांनी मजकुराबरोबर सनदही तपासली, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण 2024 मध्ये सनद भक्कम होती: सरकारी परिषद, जाणते अर्थतज्ज्ञ. खोट मजकुरात होती, तीही एका शब्दाची. साक्षीदाराने अर्धे वाक्य गिळले तर ती साक्ष खरी मानायची का?

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांनुसार मुस्लिम स्त्रीमागे मुलांची सरासरी 1992-93 मध्ये 4.4 होती, 2019-21 मध्ये 2.36 झाली. हिंदूंची 3.3 वरून 1.94. ‘आपला दर अधिक वेगाने घटला’ हे आपण हौसेने सांगतो, आणि ते खरेही आहे. तो अजून हिंदूंपेक्षा जास्त आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते.