घाई कशाची करायची

चि. निखिल यास,


भाऊजींचे रिपोर्ट नीट वाचले. उजव्या कर्णिकेत गाठ, बायोप्सीत अँजिओसार्कोमा. शेजारच्या काकांची गाठ काढली आणि ते आठवड्यात घरी आले, म्हणून आपणही लगेच ऑपरेशन उरकू, असं तू फोनवर म्हणालास. काकांची बहुधा मिक्सोमा असावी. हृदयातच उगवणाऱ्या गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश साध्या असतात आणि मोठ्या माणसांमध्ये त्यात मिक्सोमाच जास्त. ती बहुतेक देठावर लोंबते. देठाच्या बुडासकट काढली की काम झालं. सर्जन क्रॅफोर्डनं स्टॉकहोमला १९५४ मध्येच ती काढून दाखवली होती.

भाऊजींचा सार्कोमा म्हणजे कॅन्सर, तो मात्र हृदयाच्या भिंतीतच मुरतो. मग भिंतच कापावी लागते, तिथे ठिगळ लावावं लागतं. शेजारीच उजवी करोनरी धमनी आणि ट्रायकस्पिड झडप. गाठ तिथवर पोचली असेल तर बायपास करा, झडप बदला. एवढं करूनही कडेला पेशी राहिल्या तर फायदा फारसा उरत नाही. म्हणून सर्जनना एवढंच विचार: गाठ पूर्ण निघेल का?

त्याआधी फुप्फुसांचा सीटी आणि पेट स्कॅन झालाच पाहिजे. हा आजार सापडतो तेव्हाच पुष्कळदा फुप्फुसात गेलेला असतो, आणि तसं असेल तर एवढी मोठी चिरफाड सहसा करत नाहीत. ह्यूस्टनचे सर्जन रीअर्डन यांच्या गटानं उजव्या बाजूच्या सार्कोमाला आधी केमो देऊन गाठ आक्रसवायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, अशी पद्धत बसवली. मला ती पटते. मात्र केमोतलं डॉक्सोरुबिसिन हृदयालाच जड जातं, तेव्हा मधूनमधून इको हवाच.

हृदय बाहेर काढून, गाठ कापून, पुन्हा बसवण्याचं तू वाचलंस ते खरं आहे. सर्जन कूली यांनी १९८५ मध्ये तो प्रयत्न केला, रीअर्डनना १९९८ मध्ये त्यात यश आलं. पण तो मार्ग मुख्यतः डाव्या कर्णिकेच्या मागच्या गाठींसाठी. भाऊजींना त्याचा उपयोग नाही.

ताई म्हणते, त्यांना काही सांगू नका. संमतिपत्रावर सही त्यांची असणार, निखिल. पूर्ण निघाली तरी गाठ बरेचदा परत येते, मिळतो तो वेळच. तो कसा घालवायचा हे त्यांनाच ठरवू दे.

उद्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घे, नुसता कागद नको. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये त्या पुन्हा बघून घेऊ. हृदयाचे सर्जन आणि कॅन्सरचे डॉक्टर एकत्र बसून ठरवणार असतील तिथेच पुढचं करायचं. मी सोमवारी येते.

तुझी,
मावशी