पुढचा सामना कधी आहे?

उस्मानिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ यंदा कसा खेळेल, हा प्रश्न हैदराबादेत कुणी कुणाला विचारत नाही. तारनाक्याच्या इराणी चहावर आयपीएलच्या लिलावाची चर्चा तासन्‌तास चालते. सनरायझर्सने कुणाला सोडलं, कुणाला ठेवलं, नवा कप्तान कसा निघेल, हे प्रत्येकाला पाठ असतं. त्याच तारनाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर विद्यापीठाचा संघ दरवर्षी निवडला जातो, रेल्वेत बसतो, दक्षिणेतल्या एखाद्या गावी खेळतो आणि परत येतो. संघ गेल्याचं कुणाला कळत नाही, आल्याचंही कळत नाही. त्यात बारा तरुण मुलं असतात, पहाटे साडेपाचला सिमेंटच्या कोर्टवर धावणारी. त्यांच्यासाठी कुणीही जीव मुठीत धरून बसत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

लोकांना खेळात रस नाही, मुलांना कॉलेजची आस्था नाही, क्रिकेटने सगळं गिळलं, ही उत्तरं लगेच मिळतात. मला ती पटत नाहीत. आशा ठेवायला माणसाला थोड्याच गोष्टी लागतात. पुढचा सामना कधी आहे हे ठाऊक असावं, तो आपल्याला पायी पोहोचता येईल अशा जागी असावा आणि गेल्या वर्षी पाहिलेले चेहरे यंदाही दिसावेत. आपल्या विद्यापीठीय खेळाने यांतली एकही गोष्ट प्रेक्षकाला दिलेली नाही.

ही रचना कशी आहे ते पाहण्यासारखं आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या देखरेखीखाली होतात. देशाचे चार झोन पाडलेले आहेत. उस्मानिया साऊथ झोनमध्ये येतं आणि मराठवाड्यातली विद्यापीठं वेस्ट झोनमध्ये. (1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत औरंगाबादचं मिलिंद आणि नांदेडचं पीपल्स ही कॉलेजं उस्मानियाशीच जोडलेली होती. आमच्या कितीतरी मराठी घरांतल्या पदव्यांवर उस्मानियाचाच शिक्का आहे.) आधी कॉलेजा-कॉलेजांत बाद पद्धतीची स्पर्धा होते, मग सिलेक्शन ट्रायल, मग काही दिवसांचा कॅम्प, मग झोन. झोनचं यजमानपद एका विद्यापीठाकडे असतं. तिथे कित्येक संघ एकाच वेळी उतरतात आणि सकाळपासून दिव्यांच्या उजेडापर्यंत सामने उरकले जातात. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात, त्यामुळे पहिल्याच सकाळी हरलेला संघ संध्याकाळच्या गाडीने घरी निघतो. बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा असतो. म्हणजे वर्षभर घाम गाळलेल्या मुलाचा हंगाम चाळीस मिनिटांत संपू शकतो, तोही आपल्या गावातल्या एकाही माणसाने न पाहता.

याला हंगाम कसं म्हणायचं? हंगाम म्हटला की चढउतार आले. एक हरलेला शनिवार आणि त्यानंतर येणारा दुसरा शनिवार आला. आठ दिवस मनात घोळवत ठेवायची एखादी हुकलेली फ्री थ्रो आली. यांतलं काहीच जिथे घडत नाही, तिथे पुढच्या वर्षाबद्दल बोलायला लोकांजवळ विषयच उरत नाही.

हा खेळ जिथे जन्मला तिथे ही गोष्ट वेगळ्या रीतीने मांडली गेली. जेम्स नायस्मिथने 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत बास्केटबॉल तयार केला आणि पुढे 1898 मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात आला. तिथल्या संघाचा तो पहिला प्रशिक्षक. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला प्रशिक्षक एकच आहे आणि तो खुद्द नायस्मिथ. तरी आज लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या लॉरेन्स गावात पंधरा हजारांहून जास्त प्रेक्षकांचं अॅलन फील्डहाऊस उभं आहे. ते 1955 पासून तिथेच आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च घरचे सामने कोणत्या तारखांना आहेत हे तिथल्या न्हाव्यालाही ठाऊक असतं. व्हर्जिनियाची हकिगत तर मला नेहमी आठवते. मार्च 2018 मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेतला अव्वल मानांकित व्हर्जिनियाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून 54 विरुद्ध 74 असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. त्या गावाने तो अपमान सगळा उन्हाळा सोसला. प्रशिक्षक तोच राहिला, मुख्य खेळाडू परतले आणि एप्रिल 2019 मध्ये हाच संघ विजेता झाला. मधल्या त्या उन्हाळ्यातली आशा केवळ कुणाच्या चांगल्या स्वभावातून आलेली नव्हती. पुढचं वेळापत्रक आणि ओळखीचे चेहरे तिच्या पाठीशी होते.

आता आस्थेच्या मुद्द्याकडे येतो. हैदराबादच्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाबद्दल काही वाटत नाही, असं म्हणणाऱ्याने या शहराचा इतिहास वाचलेला नाही. 1938 मध्ये वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्यामुळे उस्मानियातून काढलेली मुलं नागपूर विद्यापीठात गेली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. 1969 मध्ये आणि पुन्हा 2009 नंतर वेगळ्या तेलंगणाच्या लढ्यात आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्या हे रणांगण होतं. ‘ओयू’ ही दोन अक्षरं उच्चारताना इथल्या मुलाचा आवाज बदलतो. निष्ठा भरपूर आहे. तिला राजकारणाची वाट मिळाली, नोकरीच्या आंदोलनाची मिळाली. संध्याकाळी सहा वाजता कोर्टभोवती उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडण्याची वाट कुणी करून दिली नाही.

क्रिकेटला दोष देण्यातही अर्थ नाही, कारण कॉलेजच्या क्रिकेटचीही तीच गत आहे. निजाम कॉलेज 1887 चं. ते 1947 पर्यंत मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि नंतर उस्मानियात आलं. त्याच्या मैदानावरून केवढे खेळाडू वर गेले! अझरुद्दीन निजाम कॉलेजचा. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले उस्मानियात इंजिनियरिंग शिकताना रोहिंटन बारिया स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळले. ही नावं आपण घेतो ती ते मोठे झाल्यावर. पी. व्ही. सिंधूचं पदक हा साऱ्या शहराचा सण असतो आणि गोपीचंदच्या अकादमीमुळे बॅडमिंटनमध्ये पुढची पिढी कोणती हेही लोक सांगू शकतात. एकट्या खेळाडूवर आशा ठेवायला हैदराबाद शिकलं आहे. संघावर, आणि तोही न जिंकलेल्या संघावर, आशा ठेवण्याची सवय आपण मोडून टाकली आहे.

मोडून टाकली म्हणतो, कारण ती एकेकाळी होती. सय्यद अब्दुल रहीम स्वतः उस्मानियाकडून फुटबॉल खेळलेले, पेशाने शाळामास्तर, काचीगुड्याच्या शाळेत शिकवलेले. 1943 पासून 1963 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून मिळवलेलं जाकार्ताचं 1962 चं सुवर्णपदक आणि मेलबर्नचं 1956 चं चौथं स्थान यांसाठी लोक त्यांना ओळखतात, हल्ली त्यांच्यावरच्या चित्रपटामुळे जास्तच. मला त्यांचं मोठेपण त्याच्याही आधीच्या कामात दिसतं. त्यांनी शहरातल्या मुलांसाठी स्पर्धा भरवल्या. काही स्पर्धांत ड्रिब्लिंगलाच मनाई केली, म्हणजे पोरं पास द्यायला शिकतील. दुबळ्या पायाने खेळण्याचा सराव करून घेतला. याच मातीतून उभ्या राहिलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक मुंबईतून उचलून आणला. सिकंदराबादचा तुळशीदास बलराम याच वातावरणात घडला. देश जिंकण्याआधी शहराला आपला संघ ओळखीचा होता, या क्रमाला फार महत्त्व आहे.

त्यानंतरच्या काळात आपल्याला विकतचे संघ मिळाले. डेक्कन चार्जर्सने 2009 मध्ये आयपीएल जिंकली आणि 2012 मध्ये संघाचं नावच पुसलं गेलं. हैदराबाद एफसीने मार्च 2022 मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली. 2025 मध्ये तो संघ दिल्लीला गेला आणि नव्या नावाने खेळू लागला. गच्चीबावलीला जाऊन पिवळा शर्ट घालून बसणाऱ्या पोरांनी त्यानंतर काय करायचं? बास्केटबॉलमध्ये 2015 साली एक व्यावसायिक लीग निघाली होती. तिच्यात हैदराबाद स्काय, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते आणि दोन-तीन वर्षांत सगळं बंद पडलं. मालक बदलतो, हिशेब बसत नाही, संघ उठतो. विद्यापीठ असं उठून जात नाही. उस्मानिया 1918 पासून आहे आणि तुमची नात कॉलेजात जाईल तेव्हाही असेल. लोकांनी जीव लावावा अशी टिकाऊ गोष्ट आपल्याजवळ आधीपासून आहे आणि तिच्याभोवती आपण प्रेक्षकाला जागा ठेवलेली नाही.

मराठी वाचकाला हे पटवायला अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचंच घ्या. 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. पावसाळा आला की तालमी सुरू होतात, भरत नाट्य मंदिराबाहेर रांगा लागतात, ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी इमारत हादरते. यंदा फर्ग्युसन काय करतंय, स. प. चं नाटक कसं आहे, मागच्या वर्षीचा दिग्दर्शक अजून आहे का, हे प्रश्न दहा-दहा वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेली माणसं विचारतात. 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. ज्या स्पर्धेची वाट पाहिली जाते तिच्यावरच एवढा राग निघतो. तीच ती रंगभूमी, तेच ते महिने, वर्षानुवर्षं. म्हणजे कॉलेजच्या संघावर जीव टाकणं आपल्याला उपजतच येतं. नाटकाला आपण ती चौकट दिली, खेळाला दिली नाही.

मुंबईत नागपाड्यानेही हेच दाखवून दिलं. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. त्या परिसरातल्या कोर्टांवर वाढलेला अब्बास मुंतासिर भारताच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान झाला आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. गरीब, दाटीच्या वस्तीत कोर्ट घराजवळ होतं, म्हणून मोहल्ला खेळाभोवती जमला.

हैदराबादला मला एक साधी गोष्ट करून पाहावीशी वाटते. या एका शहरात उस्मानिया आहे, कुकटपल्लीला जेएनटीयू आहे, गच्चीबावलीला हैदराबाद विद्यापीठ आणि मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आहे, तारनाक्याला इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ आहे. या पाचांनी एकमेकांशी दोनदा खेळावं, एकदा आपल्या कोर्टवर, एकदा दुसऱ्याच्या. प्रत्येक संघाला आठ सामने मिळतील, त्यांतले चार घरचे. सामने शुक्रवारी संध्याकाळी व्हावेत. तारनाक्याहून मेट्रोने निघालं की अमीरपेटला गाडी बदलून जेएनटीयू कॉलेज स्थानकावर उतरता येतं. बहुतेक कोर्टं उघडी आहेत, म्हणून पावसासाठी राखीव तारखा ठेवाव्या लागतील. सेमिस्टरच्या परीक्षा पाहून सगळं नोव्हेंबरच्या आत संपवावं लागेल. खर्च म्हणाल तर पंच, दिवे आणि एक बस. झोनला जाण्याआधी मुलं आठ खऱ्या सामन्यांतून तावून निघतील, हा क्रीडा विभागाचा फायदा. भाषा विद्यापीठाचा छोटा संघ बहुतेक सामने हरेल हे उघड आहे. पण एखाद्या वर्षी आपल्या कोर्टवर ओयूला हरवण्याची आस त्यांच्या वसतिगृहात जी पेटेल, ती कुठल्याही बलाढ्य संघाच्या पाठीराख्यांइतकीच खरी असेल.

अमेरिकेकडून सगळंच घेऊ नये. तिथे 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा आहे आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. खेळाडूच्या कष्टाचं मोल त्याला मिळावं, यात मला काही गैर दिसत नाही. पण दर उन्हाळ्यात अर्धा संघ बदलू लागला तशी तिथल्या जुन्या पाठीराख्यांची ओळखच तुटत चालली आहे. उत्तम प्रवेश, वसतिगृह, खुराक आणि चुकलेल्या परीक्षेसाठी वेगळी तारीख, एवढं आपण आपल्या मुलांना दिलं तरी ती चार वर्षं एका जागी राहतील.

आणि सुरुवात मुलींच्या संघापासून व्हावी असं माझं ठाम मत आहे. आयोवा राज्यातलीच बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क आयोवा विद्यापीठात चार वर्षं राहिली. 2024 मध्ये ती खेळली तो विद्यापीठीय स्त्रियांचा राष्ट्रीय अंतिम सामना टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. हैदराबादेत कोटीचं महिला कॉलेज 1924 पासून आहे आणि आता ते स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. त्यामुळे मुलींच्या साखळीत सहा संघ होतील आणि प्रत्येकीला दहा सामने मिळतील, त्यांतले पाच घरचे. कोटीच्या कोर्टवर संध्याकाळी दिवे लागावेत, घरी परतायला बसची सोय असावी, आईवडिलांसाठी खुर्च्या मांडलेल्या असाव्यात. त्या दहा तारखांचा छापील कागद जूनमध्ये, प्रवेशाच्या खिडकीवरच, नव्या प्रत्येक मुलीच्या हाती द्यावा.