तितिक्षा आणि गुडघा

सुखदुःखे इंद्रियांच्या विषयस्पर्शातून उपजतात, येतात आणि जातात, म्हणून ती सोसावीत, असा उपदेश गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे; आणि या सोसण्याच्या सामर्थ्याला, म्हणजे तितिक्षेला, वेदान्ताने साधकाच्या शमदमादी सहा संपत्तींत स्थान दिले आहे. या उपदेशाचा रूढ अर्थ लावताना एक गोष्ट गृहीत धरली जाते, ती ही की, स्पर्श जेवढा तेवढेच दुःख, आणि त्यापुढचा फरक सोसणाऱ्याच्या मनोबलाचा. संधिवाताने धरलेल्या गुडघ्यापुढे हे गृहीत टिकत नाही.

सांध्याच्या वेष्टनात, अस्थिबंधांत आणि वंगण पुरवणाऱ्या अस्तरात बारीक मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत मात्र ती नसतात, त्यामुळे ‘कूर्चा झिजली म्हणून दुखते’ हे घरोघरचे निदान अर्धेच खरे आहे. इजेची वर्दी देणाऱ्या तंतूंना वेदनाग्राही तंतू म्हणतात. निरोगी सांध्यात ते बहुधा गप्प असतात आणि काही तर इतके निद्रिस्त, की मांजराच्या गुडघ्यावरील प्रयोगांत सांधा जोराने पिळूनही ते जागे झाले नाहीत. सूज आली की मात्र दुखावलेल्या पेशींतून आणि रक्तातून ब्रॅडिकायनिन, हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन ही रसायने तेथे जमतात, आम्लता वाढते आणि ही द्रव्ये तंतूच्या टोकावरील ग्राहक प्रथिनांना जाऊन भिडतात. काही द्रव्ये तंतूला थेट चेतवतात. प्रोस्टाग्लँडिनचे काम अधिक कावेबाज, कारण ते मुख्यतः तंतू चेतण्याची पातळीच खाली आणते, आणि मग एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती ते उठणेबसणे कळ आणते. अ‍ॅस्पिरिन या द्रव्याची निर्मितीच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले.

या ग्राहकांपैकी एकाची ओळख खानदेशात वेगळी करून द्यावी लागत नाही. भरतातली हिरवी मिरची झोंबते ती तिच्यातील कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला चिकटते म्हणून. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखले आणि ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेच प्रथिन आम्लानेही चेतते आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही उघडते. मे महिन्यात जळगावच्या मेहरूण तलावावरची हवा हा आकडा अनेकदा ओलांडते, तरी काठाने चालणाऱ्याचे अंग मिरची चोळल्यासारखे पेटत नाही, कारण घाम त्वचेला त्या आकड्याखाली ठेवतो. सुजलेल्या सांध्यात नेमके उलटे होते: या प्रथिनाची उघडण्याची पातळीच इतकी उतरते की, शरीराची रोजची ऊबही त्याला पुरते. बाहेर काही बदललेले नसते. बदललेला असतो तो मोजणारा.

हे दुःख मग कोणाचे? न्यायदर्शन दुःखाला आत्म्याचा गुण मानते. सांख्य ते प्रकृतीच्या पदरात टाकून पुरुषाला साक्षी ठेवते. चरकसंहितेने मन आणि इंद्रियांसह देह हे वेदनेचे अधिष्ठान मानले आणि केस, नखांची टोके यांसारख्या गोष्टी त्यातून वगळल्या. दर्शनकारांच्या वादापेक्षा वैद्याची ही यादी येथे अधिक कामाची आहे. कूर्चा तिच्यात नाही, पण तिची जागा तेथेच आहे.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची अट कडक आहे: प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे. साधकाने ही अट स्वतःला घालून घेतली, तर ते त्याचे व्रत होय. परंतु न आवरलेला दाह सरावाने बोथट होतोच असे नाही. वेदनेचा मारा चालू राहिला की मेरुरज्जूतील चेतापेशीही अधिक हळव्या होऊ शकतात आणि सूज नसलेला भागही दुखू लागतो. म्हणजे औषध नाकारून सोसणाऱ्याच्या वाट्याला कालांतराने अधिकच दुःख येऊ शकते, आणि ‘भोग आहेत, भोगावेत’ असे त्याला सांगणारा ज्या भोगाकडे बोट दाखवतो, त्यातला काही भाग टळण्याजोगा असतो. कीर्तनात मांडी घालता येत नाही म्हणून खुर्ची मागणाऱ्या वृद्धेची तितिक्षा कमी पडली, असा निवाडा करण्याचा अधिकार शेजारी मांडी घालून बसलेल्याला नाही. त्याच्या गुडघ्यातले तंतू अजून झोपलेले आहेत, एवढेच.